टाटांचं साम्राज्य उभं राहिलं नागपूरच्या मिलवर, पण तीच मिल टाटांना का वाचवता आली नाही?

नागपुरात जरीपटका म्हटलं की आधी आठवतो तो बाजार. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी शून्यातून उभी केलेली दुकानं, कपड्यांची गर्दी, खाण्याच्या गाड्या. पण याच जरीपटक्याला आणि इंदोऱ्याला लागून एक वस्ती आहे. तिचं नाव बेझनबाग.

बेझनबागच्या मैदानावर सभा होतात, जयंतीचे कार्यक्रम होतात. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. पण हा 'बेझन' कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण खांदे उडवतील.

तर हे बेझन म्हणजे बेझनजी दादाभाई मेहता. पारशी गृहस्थ. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे मॅनेजर. आणि एम्प्रेस मिल म्हणजे जमशेटजी टाटांनी उभारलेला पहिला मोठा कारखाना.

टाटा म्हटलं की आपल्याला जमशेदपूर आठवतं, मुंबईचं ताज आठवतं, रतन टाटा आठवतात. पण टाटा स्टीलची स्थापना झाली १९०७ मध्ये आणि ताज सुरू झालं १९०३ मध्ये. नागपूरची मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. म्हणजे ताजच्या २६ वर्षं आधी आणि टाटा स्टीलच्या ३० वर्षं आधी.

मग प्रश्न पडतो की मुंबईत सगळं असताना टाटा नागपुरात का आले? आणि जिथून एवढं मोठं साम्राज्य उभं राहिलं, ती मिल त्यांनी हातची का जाऊ दिली?

आधी जमशेटजी कोण होते ते बघू

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी घराण्याची वाट सोडून मुंबईत धंद्यात आले आणि मुलगाही त्यांच्याबरोबर धंद्यात पडला.

१८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली. टाटा समूह आपला जन्म याच वर्षी मोजतो. पुढच्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेल गिरणी विकत घेतली, तिची कापड गिरणी केली, तिला अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोन वर्षांत नफ्यात विकून टाकली.

त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि लँकेशायरच्या गिरण्या बघून आले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकली. कापूस भारतातून जातो, हजारो मैलांवर त्याचं कापड होतं आणि तेच कापड परत येऊन भारतात विकलं जातं. मग कापूस पिकतो तिथेच गिरणी का काढू नये?

मुंबई सोडून नागपूरच का?

त्या काळात गिरणी काढायची म्हणजे मुंबईतच, असं समीकरण होतं. बंदर, बँका, दलाल, कामगार सगळं तिथेच होतं. जमशेटजींनी मात्र वेगळा हिशोब मांडला. त्यांना तीन गोष्टी जवळ हव्या होत्या.

पहिली गोष्ट कापूस. वर्धा, हिंगणघाट आणि वऱ्हाड हा पट्टा तेव्हाही कापसाचाच. हिंगणघाटच्या कापसाला तर बाजारात स्वतःचं नाव होतं.

दुसरी गोष्ट रेल्वे. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. म्हणजे यंत्रं आणायची आणि माल पाठवायची सोय झालेली होती.

तिसरी गोष्ट पाणी आणि कोळसा. पाणी शहरातल्या तलावाचं आणि कोळसा वरोऱ्याच्या खाणींचा.

शिवाय नागपुरात विणकरांची मोठी वस्ती होती. भोसल्यांचं राज्य १८५३-५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. दरबार गेला तसं भारी कापडाचं गिऱ्हाईक गेलं आणि विलायती कापडाने उरलेला बाजार खाल्ला. अशा शहराला सूतही हवं होतं आणि रोजगारही.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. भांडवल होतं १५ लाख रुपये. जागा मिळाली जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची. जागा कसली, दलदलच होती. आधी भराव टाकायचा, मग पाया खणायचा.

याच भरावावरून एक किस्सा सांगितला जातो. जमशेटजींनी नागपुरातल्या एका मारवाडी सावकाराकडे भांडवल मागितलं. सावकार म्हणाला, हा माणूस खड्ड्यात सोनं ओततोय, मी यात पैसा घालणार नाही. काही वर्षांनी मिलचा नफा बघून तोच सावकार म्हणाला, त्या माणसाने सोनं नव्हे, माती ओतली होती आणि वर सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आलं. त्याच दिवशी नागपुरात मिलचं उद्घाटन झालं. म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल.

रेल्वेतला माणूस मिलचा मॅनेजर कसा झाला?

बेझनजी मेहता आधी जीआयपी रेल्वेत मालवाहतुकीचं काम बघायचे. कापड गिरणीचा अनुभव शून्य. जमशेटजींनी त्यांनाच मॅनेजर केलं. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे दिली. दोघांची जोडी जमली.

या जोडीने केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे रिंग स्पिंडल. ही भानगड सोप्या भाषेत समजून घेऊ.

तेव्हा लँकेशायरमध्ये सूत कातायला 'म्यूल' नावाचं यंत्र वापरायचे. ते आधी धागा ओढायचं, मग थांबून गुंडाळायचं, मग परत ओढायचं. ते चालवायला मुरलेला कारागीर लागायचा. अमेरिकेतून आलेल्या रिंग पद्धतीत कातणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता चालायचं. वेग जास्त आणि कामगार शिकायलाही लवकर तयार व्हायचा.

लँकेशायरवाल्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. जमशेटजींनी आधी थोडी यंत्रं मागवून नागपुरात प्रयोग केला आणि आकडे पटल्यावर मिलभर तीच पद्धत आणली. म्हणजे इंग्लंड ज्या तंत्राबद्दल साशंक होतं ते १८८० च्या दशकात नागपुरात जोरात चालू होतं.

कामगार कामावरच येईनात

सुरुवातीला मिलला सगळ्यात मोठा त्रास होता गैरहजेरीचा. शेतीचा हंगाम आला, घरात लग्न निघालं, सण आला की माणूस गायब. भोंगा वाजला की आत जायचं, ही सवय नागपूरला नवीन होती.

यावर सोपा उपाय होता दंड करण्याचा. जमशेटजी आणि बेझनजींनी तो रस्ता धरला नाही. चांगल्या हजेरीला आणि कामाला बक्षिसं सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला. १८९५ मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई देण्याची सोय केली. मिलमध्ये हवा खेळती ठेवणारी, दमटपणा राखणारी यंत्रणा आणि आग विझवणारे फवारे बसवले.

आता या तारखा कायद्याच्या तारखांशी ताडून बघा.

कामगार भरपाईचा कायदा भारतात आला १९२३ मध्ये. एम्प्रेस मिलने ते २८ वर्षं आधी केलं होतं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला १९५२ मध्ये. एम्प्रेसचा पेन्शन फंड त्याच्या ६६ वर्षं आधीचा.

अर्थात याचा अर्थ मिलमध्ये स्वर्ग होता असा नाही. कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांनी किती तास राबायचं याला कायद्याची मर्यादाच नव्हती. ती आली १९११ मध्ये, आणि तीही १२ तासांची. कापसाचा धूळमिश्रित तंतू छातीत जायचा आणि यंत्रांचा आवाज कानात बसायचा. मालकाला ही दानत परवडत होती कारण त्यातून त्याला टिकून राहणारा कामगार मिळत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

मिलने उत्तर नागपूर कसं घडवलं?

एम्प्रेस मिलमध्ये काम करणाऱ्यांत कोष्टी होते, कुणबी होते आणि मोठ्या संख्येने तेव्हाचे अस्पृश्य म्हणजे महार समाजातले स्त्री-पुरुष होते. गावात ज्यांच्या वाट्याला बलुतं आणि अपमान होता, त्यांना शहरात दरमहा रोख पगार मिळू लागला.

रोख पगाराने काय होतं? मुलाला शाळेत घालता येतं, वर्तमानपत्र विकत घेता येतं, सभेला वर्गणी देता येते. नागपूरच्या आंबेडकरी चळवळीला जी माणसं आणि जे चार पैसे मिळाले, त्यात मिल कामगारांचा वाटा मोठा होता. लेखिका कौसल्या बैसंत्री यांचे आईवडील एम्प्रेस मिलमध्येच कामाला होते. मिलमध्ये राबून त्यांनी मुली शिकवल्या. कौसल्याबाईंनी ते दिवस 'दोहरा अभिशाप' या हिंदी आत्मकथनात लिहून ठेवले आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूर निवडलं. त्यामागे बौद्ध परंपरेशी असलेलं नागांचं नातं होतं हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण इथे चळवळ भक्कम होती हेही तितकंच खरं, आणि ती भक्कम करणाऱ्यांत मिलच्या पाळ्या करून संध्याकाळी वस्तीत बैठका घेणारी माणसं होती.

याच कामगारांसाठी मिलने इंदोऱ्याच्या बाजूला वसाहत उभी केली आणि तिला बेझनजींचं नाव मिळालं. म्हणून आज जरीपटक्याच्या शेजारी एका पारशी मॅनेजरच्या नावाची वस्ती आहे.

टाटा स्टीलचा धागाही नागपुरातूनच जातो

मिलमुळे जमशेटजींचं या भागात येणं-जाणं वाढलं. १८८२ मध्ये त्यांच्या हातात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे, असं त्यात होतं. पण वरोऱ्याचा कोळसा पोलाद बनवायला चालेना आणि सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या. बेत बारगळला.

पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि जमशेटजींनी पुन्हा उचल घेतली. मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ चार्ल्स वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतकं नव्हतं.

काम थांबवतोय हे सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला म्हणून ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या खुणेने गडद रंगवलेला होता.

वेल्ड यांना घेऊन ते दुर्गला गेले. डल्ली-राजहराच्या टेकड्यांत खनिज भरपूर सापडलं, पण योग्य कोळसा आणि पाणी जवळ नव्हतं. दुर्गचं सर्वेक्षण करणारे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये टाटांना मयूरभंजच्या खनिजाबद्दल पत्र लिहिलं आणि शोध साकचीला येऊन थांबला. तेच पुढे जमशेदपूर झालं. दुर्गची ती खनिजं स्वातंत्र्यानंतर भिलाईच्या सरकारी पोलाद कारखान्याला कामी आली.

हे सगळं पूर्ण झालेलं बघायला जमशेटजी नव्हते. १९ मे १९०४ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं.

मग मिल गेली कशी?

पुढची पन्नास-साठ वर्षं एम्प्रेस वाढत गेली. एकाच्या पाच मिल झाल्या. पण १९६० नंतर देशभरातल्या जुन्या कापड गिरण्यांना घरघर लागली.

कारणं साधी होती. यंत्रं जुनी झाली होती. भिवंडी, मालेगावसारख्या ठिकाणी पॉवरलूम वाढले. त्यांच्यावर कराचा आणि कामगार कायद्यांचा भार कमी होता, त्यामुळे त्यांचं कापड स्वस्त पडायचं. त्यात टेरिकॉटसारखं कृत्रिम धाग्याचं कापड आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं.

१९७७ मध्ये एम्प्रेस मिलची जबाबदारी एका ३९ वर्षांच्या अधिकाऱ्यावर टाकण्यात आली. त्यांचं नाव रतन टाटा.

तेव्हा त्यांच्याभोवती आजचं वलय नव्हतं. आधी त्यांना नेल्को ही तोट्यातली कंपनी दिली होती, आता ही तोट्यातली मिल. त्यांनी मिल काही काळ सावरली, लाभांश देण्यापर्यंत नेली. पण टिकायचं तर नवीन यंत्रं हवी होती. त्यासाठी साधारण ५० लाख रुपये लागणार होते असं सांगितलं जातं. टाटांच्या मानाने रक्कम मोठी नव्हती. तरी ती मिळाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, टाटांकडे पैसा नव्हता का? इथे टाटा समूह चालतो कसा ते समजून घ्यावं लागतं.

आधी टाटांच्या सगळ्या कंपन्यांचा कारभार मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चालायचा. म्हणजे कंपनी शेअरहोल्डरांची, पण चालवणारी पेढी टाटांची. १९७० मध्ये सरकारने ही पद्धत बंद केली. त्यानंतर प्रत्येक कंपनी आपापल्या संचालक मंडळाच्या ताब्यात गेली. अनेक कंपन्यांत टाटा सन्सचा स्वतःचा हिस्सा अगदी थोडा होता. टाटा स्टीलचा नफा उचलून एम्प्रेसमध्ये घाला, असं कुणी एक जण ठरवू शकत नव्हता. तिथले शेअरहोल्डर वेगळे, इथले वेगळे.

त्यामुळे प्रश्न भावनेचा न राहता हिशोबाचा झाला. कापड गिरण्यांना भविष्य नाही, असं ज्येष्ठांचं मत पडलं आणि १९८६ मध्ये टाटांनी एम्प्रेसमधून अंग काढून घेतलं. मिल महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. सरकारने ती आणखी काही वर्षं चालवली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद झाली. १२५ वर्षं चाललेला भोंगा थांबला.

रतन टाटा १९९१ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. त्यांनी आधी काय केलं असेल, तर समूहातल्या मुख्य कंपन्यांमध्ये टाटा सन्सचा हिस्सा वाढवायला घेतला. एम्प्रेसच्या वेळी जे हातात नव्हतं, ते हातात घ्यायचं हे काम होतं.

पैसा शेवटी जातो कुठे?

सोशल मीडियावर दर काही दिवसांनी एक प्रश्न फिरतो. टाटा एवढे मोठे, मग श्रीमंतांच्या यादीत वर का नाहीत?

उत्तर असं की जमशेटजींचे दोन मुलगे, दोराबजी आणि रतनजी, दोघांनाही मूल नव्हतं. दोघांनी आपली संपत्ती ट्रस्टला दिली. आज टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर वेगवेगळ्या टाटा ट्रस्टकडे आहेत. सुमारे १८ टक्के शापूरजी पालनजी या दुसऱ्या पारशी घराण्याकडे आहेत. म्हणजे टाटा सन्सच्या लाभांशातला मोठा भाग कुटुंबाच्या खिशात न जाता ट्रस्टमार्फत दवाखाने, शिक्षण, संशोधन अशा कामांना जातो.

आपल्याला माहीत असलेले रतन टाटा हे थोरल्या रतनजींचे रक्ताचे नातू नव्हते. त्यांचे वडील नवल हे मुंबईच्या पारशी अनाथाश्रमात वाढले होते. रतनजींच्या पत्नी नवाजबाई यांनी त्यांना दत्तक घेतलं. ९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले आणि ट्रस्टची धुरा त्यांचे सावत्र भाऊ नोएल टाटा यांच्याकडे आली.

आणि टाटांचं सगळंच गोड आहे असंही नाही. वीज प्रकल्पासाठी मुळशीला धरण बांधताना मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ मध्ये त्याविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. दानाच्या गोष्टी सांगताना ही पानं फाडून टाकता येत नाहीत.

आज नागपुरात काय उरलंय?

मिलच्या जागेवर आज एम्प्रेस सिटी मॉल आहे. नाव तेवढं राहिलं. सीताबर्डीला जे. एन. टाटा पारशी गर्ल्स हायस्कूल आहे. टाटा नागपूरला परत आले ते मिहानमध्ये. तिथे टीसीएसचं कॅम्पस आहे आणि तिथेच टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानासाठी फ्लोअर बीम तयार झाले.

फरक एवढाच की मिलमध्ये अक्षरओळख नसलेला माणूसही शिकून लागायचा. मिहानच्या दारात डिग्री लागते. मिल बंद झाली तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कामगाराला दुसरं दार नव्हतं. कुणी रिक्षा घेतली, कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीचा ठेला लावला. त्याची भरपाई कुठल्याच मॉलने केलेली नाही.

पण त्याच कामगारांच्या मुला-नातवंडांत आज वकील आहेत, प्राध्यापक आहेत, सरकारी अधिकारी आहेत. मिलच्या पगाराने शाळेची फी भरली गेली होती, त्याचा हा परिणाम.

म्हणून पुढच्या वेळी टाटांवरची पोस्ट पुढे पाठवाल तेव्हा त्यात जमशेदपूरच्या आधी नागपूर लिहा. आणि जरीपटक्याला गेलात, रिक्षावाल्याने "बेझनबाग का?" असं विचारलं, तर हे नाव कुठून आलं ते त्यालाही सांगा.